काटकसर बाईच्या ताटातून सुरू व्हायला नको

घरखर्च कमी करायचा ठरला की आपल्याकडे सगळ्यात आधी काय कमी होतं, ते नीट बघा. मुलांचं दूध तेवढंच राहतं, नवऱ्याचा डबा तसाच जातो, सासूबाईंची फळं येत राहतात. कमी होतं ते घर चालवणाऱ्या बाईचं. कालची पोळी तिच्या वाट्याला, दाढ दुखत असली तरी डॉक्टरांकडे जाणं पुढच्या महिन्यात, आणि बीपीची गोळी एक दिवसाआड. हे इतकं बिनबोभाट होतं की हिशोबाच्या वहीत त्याची नोंदच नसते. वर 'बाई फार काटकसरी आहे हो' असं कौतुक. मला हे कौतुक मुळीच मान्य नाही.

पैसे वाचवायला घरात जागा आहे. आधी मीटरकडे जाऊ या.

आपल्या विजेच्या बिलात टप्पे असतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त, त्याच्या वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट. त्यामुळे वापर १०० युनिटच्या वर जात असेल तर वाचवलेलं युनिट आधी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. आता पंख्यांचा हिशोब करा. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅटचा. असे ४ पंखे रोज १२ तास फिरले तर महिन्याला १०८ युनिट, म्हणजे स्वस्तातला अख्खा टप्पा नुसत्या पंख्यांनी खाल्ला. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, ३० वॅटच्या आसपास घेतो. त्याच वापराला ४३ युनिट. फरक ६५ युनिटचा, आणि सगळे आकार धरून वरच्या टप्प्यातलं युनिट १० रुपयांच्या पुढेच पडतं. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार, त्यामुळे चारही एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो, बहुतेक घरात हॉलमधला किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला, तो आधी बदला. दीड-दोन वर्षांत पैसे वसूल होतात. ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांनी पीएम सूर्यघर योजनेची चौकशी जरूर करावी. ३ किलोवॅटच्या सौर संचाला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे.

यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाला उपाशी राहावं लागत नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

गॅसचंही तसंच. हरभरे, राजमा रात्री भिजत घाला, वरण-भात एकाच कुकरमध्ये लावा, हे बायकांना मी सांगायची गरज नाही. पण सिलिंडर घेताना वजन करून घ्यायचं काम घरातल्या पुरुषांनी अंगावर घ्यावं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. काटा आणा म्हणून सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करायचा, तेही कुणीही करू शकतं.

किराणा आणताना पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. तेलाच्या दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण एकीत १ लिटर, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम तेल असतं आणि दुसरीत ७५० किंवा ८०० ग्रॅमच. 'स्वस्त' वाटलेली पिशवी बऱ्याचदा ही दुसरी असते. ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात ते आता पाकिटावर छापावं लागतं, तो आकडा शोधायचा आणि त्यावरूनच तुलना करायची. आणि एवढं पाहिल्यावर कृपा करून कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून घासाघीस करू नका. त्या पहाटे मार्केट यार्डात जाऊन माल आणतात.

वर्षाचं धान्य भरण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. एप्रिल-मे महिन्यात नवा गहू आलेला असतो, लोकवन असो वा सिहोर, तेव्हा थेट शेतकऱ्याकडून घेतला तर भाव बरा मिळतो आणि माल डोळ्यांसमोर निवडता येतो. चक्कीवर दळून आणलेल्या पिठाची पोळी खाल्ली की तयार पिठाकडे हात जात नाही. चौघांच्या घराला दीड-दोन क्विंटल लागतो. पण तो चाळायचा, निवडायचा, कडक उन्हात वाळवायचा, एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचा, आणि हे सगळं ऐन मेच्या उकाड्यात, त्याच आठवड्यात कुरडया नि वर्षाचं तिखटही. पैसे वाचतात हे खरं, पण ते कुणाच्या कंबरेवर वाचतात? माझं मत स्पष्ट आहे: गच्चीवर पोतं चढवायला आणि निवडायला सगळं घर बसणार असेल तर वर्षाचं भरा. नसेल तर तीन महिन्यांचं भरा, किंवा दुकानातून महिन्याचं आणा. त्यात कमीपणा काही नाही.

क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरून पुढे ढकलण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के. इतकी गळती असताना घरात साय किती निघाली हे मोजण्यात काय अर्थ आहे!

आता त्या एक दिवसाआडच्या गोळीकडे येते. बीपी, शुगर, थायरॉईडची औषधं रोजची असतात, आणि पैशांसाठी ती चुकवायची गरजच नाही. जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, तीच औषधं कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने, बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. पुढच्या खेपेला डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, म्हणजे टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं. बदल करायचा तो त्यांना विचारूनच. केंद्र कुठे आहे ते शोधायला आणि औषध आणायला घरातल्या मुलाने जावं. आणि पंखा बदलल्यावर बिलात जे पैसे वाचतील, त्यातून पहिल्यांदा तिची हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. ती नाहीच म्हणणार. तरी न्या.