भरती आली की त्या उंदरानं जायचं कुठं?

परवा इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी विचारलं की सॅन फ्रान्सिस्को बेच्या (उपसागराच्या) कडेच्या त्या ट्रेलवर कुत्रा का नेऊ देत नाहीत, तर लगेच उत्तर आलं "एका उंदरासाठी!" आणि खाली हसण्याचे इमोजी. मला खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तो उंदीर म्हणजे सॉल्ट मार्श हार्वेस्ट माऊस, अख्ख्या जगात फक्त सॅन फ्रान्सिस्को बेच्या खाजणांमध्ये राहतो. १९७० पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वजन दहाएक ग्रॅम, आपल्या फ्रीमॉन्ट-अल्विसोकडच्या, म्हणजे बेच्या दक्षिण टोकाच्या उंदरांचं पोट बऱ्याचदा तांबूस असतं. हा काही तुमच्या किचनमध्ये शिरणारा उंदीर नाही. पिकलवीड म्हणून कांड्याकांड्यांची रसाळ, खारट झुडपं असतात ना, ती खातो, त्यात लपतो, आणि खारं पाणी पिऊन जगू शकतो!

बेची दहातली आठ-नऊ खाजणं आपण माणसांनी बुजवली, बांध घालून शेती केली, मिठागरं केली. पण मला जास्त लागतं ते उरलेल्या खाजणांचं. पूर्वी खाजण हळूहळू चढत जाऊन वरच्या माळाला मिळायचं, त्यामुळे उधाणाच्या भरतीला उंदीर वरच्या गवतात सरकायचे आणि ओहोटी लागली की परत खाली. आता बऱ्याच ठिकाणी खाजण संपतं तिथे उभा बांध आणि त्यापलीकडे रस्ता, पार्किंग, ऑफिसं. पोहता येतं हो त्याला, पण लपायला जागाच नसेल तर पोहून करणार काय? पालो आल्टोच्या बेलँड्सला हिवाळ्यातल्या किंग टाइडला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला जाऊन बघा, पिकलवीडचे नुसते शेंडे पाण्याबाहेर असतात आणि बगळे त्या कडेकडेनं एकेक पाऊल टाकत खाली चोच रोखून फिरत असतात. मी ते बघितलंय आणि त्या वेळी तिथे मोकळा सोडलेला कुत्रा काय करेल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

"उंदरावर कशाला पैसे घालवायचे" म्हणणाऱ्यांना एकच सांगते, २००३ मध्ये १५,१०० एकर मिठागरं सरकारनं विकत घेतली आणि तिथे परत भरतीचं पाणी आत घेतायत, २०१६ मध्ये बेभोवतीच्या नऊ काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) मतदान करून खाजणांसाठी दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलरचा टॅक्स २० वर्षांसाठी स्वतःवर लावून घेतला. एका जेवणाचे पण नाहीत हो! आणि खाजण भरतीचा जोर अडवतं, समुद्र वर येतोय तेव्हा आपली घरं सुद्धा त्याच्याच मागे आहेत.

आता काही ठिकाणी उभ्या बांधाऐवजी लांब उतार करतायत आणि त्यावर गमप्लांटसारखी झुडपं लावतायत, म्हणजे भरतीला उंदरांना चढायला जागा मिळते. रोपं लावायला हिवाळ्यात स्वयंसेवक घेतात, मुलांनाही नेता येतं. मी जाणारे. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, जुने बूट घाला, चिखल भरपूर असतो. आणि प्लीज, डिसेंबर-जानेवारीत भरतीच्या वेळी बांधावर फिरायला गेलात तर कडेच्या गवतात उतरू नका.