अर्धे तोडलेले वचन

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात मला एक मजकूर पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "मामा, आपला देव खरंच असा आहे का?" तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी तो टाकला होता आणि त्याखाली वीस-पंचवीस जणांनी अंगठे उमटवले होते. त्याआधी हाच मजकूर मला निरनिराळ्या दोन गटांवर दिसला होता आणि दोन्ही वेळा मी तो न बोलता सोडून दिला होता. आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. आमच्याविषयी चुकीचे काही वाचले तरी वाद नको म्हणून गप्प राहायची आमच्यातल्या पुष्कळांना सवय आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या प्रार्थनेविषयी शंका यावी, इतके ते गप्प राहणे महाग पडले, म्हणून हे लिहीत आहे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. यहुदी धर्मग्रंथातला देव केवळ सूड जाणतो. तो बापाच्या पापाची शिक्षा नातवंडा-पतवंडांना देतो. 'डोळ्याबद्दल डोळा' हा त्याचा न्याय आहे. पूर आणून आणि शहरे जाळून तो निरपराधांना मारतो. दया ही कल्पना पुढच्या काळातल्या धर्मांनी आणली. आणि ज्यांचा देव असा, ते लोकही तसेच सूड धरणारे असतात. पहिल्या दाव्याला आधार म्हणून तोरातल्या (आमच्या नियमशास्त्रातल्या) निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायातले एक वचन अवतरणचिन्हांत दिले आहे, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्या अवतरणालाच आहे.

मजकुरात छापले आहे: "वडिलांच्या अपराधाचे फळ मुलांना व मुलांच्या मुलांना, तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत देणारा." हे शब्द ग्रंथात आहेत. पण ते वाक्याचे शेपूट आहे. वाक्य जिथून सुरू होते तिथून ते असे आहे: "परमेश्वर, परमेश्वर, दयाळू आणि कृपाळू देव, मंदक्रोध, दया व सत्य यांनी भरलेला, हजारोंवर दया राखणारा, अन्याय, अपराध व पाप यांची क्षमा करणारा, पण दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा," आणि त्यानंतर पिढ्यांचे ते शब्द येतात. ज्याने हे अवतरण घेतले त्याच्या डोळ्यांसमोर आधीचे सगळे शब्द असणारच, कारण ते त्याच दोन ओळींत आहेत. ते गाळण्याला अज्ञान म्हणता येत नाही.

हे वचन केव्हा उच्चारले गेले, हेही पाहण्यासारखे आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी इस्रायली लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, त्यांचा पुढारी मोशे याने देवाशी झालेल्या कराराच्या पाट्या खाली आपटून फोडल्या, आणि सगळे संपले असे वाटत असताना तो दुसऱ्या पाट्या घेऊन पुन्हा वर गेला. त्या घडीला देव स्वतःची ओळख स्वतःच्या तोंडाने करून देतो, ती या शब्दांत. आमची परंपरा त्यात देवाचे तेरा गुण मोजते. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या प्राचीन ग्रंथात, रब्बी योहानान म्हणतात की देवाने जणू प्रार्थना चालवणाऱ्यासारखी शाल पांघरून मोशेला हा क्रम दाखवला आणि सांगितले, इस्रायल पाप करील तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हेच म्हणावे. सध्या एलूल, म्हणजे पश्चात्तापाचा महिना, चालू आहे. ज्या दिवशी भाचीचा निरोप आला, त्या दिवशी पहाटे अंधारातच आमच्या मशिदीत (आमचे वडीलधारे सिनेगॉगला मशीदच म्हणतात) सेलिहोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, झाले होते आणि आम्ही दहा-बारा जणांनी उभे राहून हेच तेरा गुण मोठ्याने म्हटले होते.

आता पिढ्यांचा हिशेब. शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि दया 'हजारोंवर'. प्राचीन रब्बींनी हा आकडा खरोखर मांडून पाहिला: 'हजारो' हे अनेकवचन आहे, म्हणजे निदान दोन हजार, दोन हजारांना चारांनी भागले तर पाचशे, तेव्हा देवाच्या दयेचे माप त्याच्या शिक्षेच्या मापापेक्षा पाचशे पटींनी मोठे. हे गणित तोसेफ्ता या प्राचीन रब्बींच्या वचनसंग्रहात आहे. ज्या ओळीत न्याय आणि दया यांचे प्रमाण इतके उघड दिलेले आहे, तीच ओळ निर्दयतेचा पुरावा म्हणून फिरवली जाते, याचा मला राग येतो.

तरीही चार पिढ्या का, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. तो आमच्या ग्रंथांनीच सर्वांत आधी विचारला आहे. तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मानवी न्यायालयांसाठी स्पष्ट कायदा आहे की मुलांसाठी बापाला आणि बापासाठी मुलांना मारू नये. प्रत्येकाने आपल्याच पापासाठी मरावे. हा कायदा कागदावरच राहिला असेही नाही. यहूदाचा राजा अमस्या याने आपल्या बापाचा खून करणाऱ्या सेवकांना ठार केले, पण त्यांच्या मुलांना जिवंत सोडले, आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचे कारण म्हणून मोशेच्या नियमशास्त्रातले हेच वचन दिले आहे. पुढे बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणू लागले की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याने एक संपूर्ण अध्याय या म्हणीविरुद्ध सांगितला: जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, आणि दुष्टाच्या मरणाने मला संतोष होतो काय, असे परमेश्वर विचारतो. तालमुदातील मक्कोत या भागात रब्बी योसे बर हनीना यांचे विधान तर थक्क करणारे आहे. ते म्हणतात की मोशेने इस्रायलवर चार कठोर निवाडे ठेवले आणि चार संदेष्ट्यांनी येऊन ते रद्द केले; पिढ्यांवरच्या शिक्षेचा निवाडा रद्द करणारा यहेज्केल. ज्या परंपरेने इतक्या मोकळेपणाने स्वतःशी वाद घातला, तिच्यावर तोडलेली अर्धी ओळ चिकटवली जाते.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: हे वचन आम्हीही तोडतो. हिब्रूत 'व-नके लो यनके' असे शब्द आहेत, 'निर्दोष ठरवणे तर तो मुळीच करणार नाही' अशा अर्थाचे. प्रार्थनेत आम्ही 'व-नके' वर थांबतो, म्हणजे अर्थ उलटतो आणि 'तो निर्दोष ठरवतो' असा होतो. भाचीने उद्या कोणाकडून हे ऐकले तर तिला फसवल्यासारखे वाटू नये. पण फरक असा की आमचे थांबणे लपवलेले नाही. सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) उघडून वाचताना ओळ पूर्ण वाचली जाते, आणि तालमुदात योमा या भागात रब्बी एलाझार या दोन तुकड्यांचा मेळ घालतात: जे पश्चात्ताप करून वळतात त्यांना तो निर्दोष ठरवतो, जे वळत नाहीत त्यांना ठरवत नाही. प्रार्थनेला उभा राहिलेला माणूस वळायलाच आलेला असतो, म्हणून त्याच्या तोंडी अर्धी ओळ शोभते. आरोप करणाऱ्याला ती सवलत नाही.

'डोळ्याबद्दल डोळा' याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण हा आरोप फार जुना आणि फार आळशी आहे. निर्गमाच्या ज्या एकविसाव्या अध्यायात हे शब्द आहेत, त्यातच दोन वचने पुढे लिहिले आहे की धन्याने दासाचा डोळा फोडला तर डोळ्याच्या मोबदल्यात दासाला मुक्त करावे. आणि थोडे आधी लिहिले आहे की मारामारीत जखमी झालेल्याची बुडालेली कमाई आणि औषधोपचाराचा खर्च मारणाऱ्याने भरावा. मिश्ना या रब्बींच्या जुन्या कायदेसंग्रहाने याचा अर्थ पाच प्रकारची भरपाई असा लावला: नुकसान, वेदना, उपचार, बुडालेला रोजगार आणि झालेली अप्रतिष्ठा. मग तालमुदात प्रश्न येतो की डोळा फोडणारा आधीच आंधळा असेल तर त्याचा कोणता डोळा काढणार? सर्वांना एकच कायदा हवा, तेव्हा तो पैशाचाच असला पाहिजे. रब्बी एलिएझर यांचे मत शब्दशः अर्थाकडे झुकणारे तिथे नोंदलेले आहे, हे मी मान्य करतो. पण तालमुदाने त्याचाही अर्थ भरपाईच्याच चौकटीत बसवून घेतला.

पूर, देवाने जाळलेले सदोम शहर आणि कनान देश जिंकतानाची युद्धे यांबाबत मजकुरात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. 'अनुवाद' पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कनानातल्या नगरांतला एकही जीव जिवंत ठेवू नये अशी आज्ञा आहे. अमालेक या शत्रू जमातीविषयीची आज्ञाही तितकीच कठोर आहे. या ओळी वाचताना मला आजही त्रास होतो आणि कोणत्याही भाष्याने तो पूर्ण जात नाही. परंतु सदोमचे उदाहरण देणाऱ्याने आमचा मूळपुरुष अब्राहाम याचे नाव तरी घ्यायला हवे होते. "सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?" असे तो देवाला तोंडावर विचारतो आणि पन्नास नीतिमानांपासून घासाघीस करत, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस असे म्हणत, दहापर्यंत आणतो; देव प्रत्येक वेळी कबूल होतो. निनवेची गोष्ट तर सदोमच्या उलट आहे. ते इस्रायलच्या शत्रूचे शहर. तिथले लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांना सोडतो, आणि योना संदेष्टा त्याच्यावर चिडतो: तू दयाळू, कृपाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होते, म्हणून तर मी तिथे जायचे सोडून पळालो. निर्गमातले तेच शब्द इथे तक्रार म्हणून आले आहेत. योम किप्पुरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) उपवासात, दुपार टळल्यावर, जगभरच्या सिनेगॉगमध्ये हे पुस्तक वाचले जाते.

दया पुढच्या धर्मांनी आणली, या दाव्याला दोन वाक्ये पुरेत. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे वचन तोरातल्याच लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातले आहे, आणि त्याच्या लगेच आधी "सूड घेऊ नको" असे लिहिलेले आहे. जुना देव क्रूर आणि नवा दयाळू अशी फाळणी दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने केली होती, आणि तेव्हाच्या ख्रिस्ती मंडळीनेच तिला पाखंड ठरवून त्याला बाहेर काढले.

शेवटचा मुद्दा लोकांविषयीचा आहे आणि तो सर्वांत घातक आहे, कारण तिथे मजकूर ग्रंथ सोडून माझ्या भाचीकडे बोट दाखवतो. एखाद्या सरकारच्या निर्णयांवर ज्याला टीका करायची आहे त्याने त्या निर्णयांचे पुरावे मांडून जरूर करावी. त्यासाठी एका समाजाच्या रक्तात सूड आहे असे म्हणावे लागत नाही. मुंबईत मांडवीला १७९६ साली सामुएल एझिकिएल दिवेकर यांनी शहरातले पहिले सिनेगॉग बांधले, ते आज 'शाआर हारहमीम' म्हणून ओळखले जाते. त्या नावाचा अर्थ दयेचे दार. योम किप्पुरला आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी 'दारफाळणीचा सण' म्हटले. दार लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर उपाशी राहून ते क्षमा मागत. मात्र शेजाऱ्याचे केलेले वाईट त्या दिवसानेही धुतले जात नाही; मिश्ना सांगते की आधी त्याच्याकडे जाऊन त्याचे मन वळवावे लागते.

भाचीला मी निर्गमातली ती दोन वचने पूर्ण लिहून पाठवली. तिने विचारले, "मामा, गटावर टाकताना शेवटचं पिढ्यांचं वाक्य गाळू का? उगाच पुन्हा वाद होईल." मी तिला सांगितले, ते गाळू नकोस. तिने संध्याकाळी दोन्ही वचने, आधी हिब्रूत आणि खाली मराठीत, अखेरच्या शब्दापर्यंत टाकली.