चिचुंद्रीला उंदरांत धरू नका
उंदीर घालवायच्या उपायांवरच्या तुमच्या लेखात चिचुंद्रीलाही ओढलंय, ते मनाला लागलं. ती उंदीर नाहीच! उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढणारे, कुरतडायचे. हिचे बारीक, टोकदार, किडे फोडायचे. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानेच 1766 मध्ये हिला नाव देताना 'म्युरिनस' म्हणजे उंदरासारखी म्हटलं, तो घोळ अजून चालूय. झुरळं, अळ्या, किडे हे तिचं मुख्य खाणं, आणि अंगातली ऊर्जा इतकी भराभर जळते की थोड्या थोड्या वेळाने तिला खावंच लागतं.

आमचं कोल्हापूरजवळ गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात चिपाडांचा ढीग उपसताना एक मादी निघाली, मागे चार पिल्लं. पहिल्याने आईच्या शेपटीचं बूड तोंडात धरलेलं, दुसऱ्याने पहिल्याचं, अशी आगगाडीच भिंतीकडेने सरकत गेली. गडी फावडं घेऊन धावला, मी त्याचा हात धरला.

वास येतो, कबूल. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींचा तो; म्हणून मांजरही सहसा तिला खात नाही. पण चिकट सापळे तेवढे भिंतीकडेला लावू नका. तिला दिसतं कमी, भिंत धरूनच चालते, हमखास अडकते.