बाणांचा त्रिकोण आणि आपली थट्टा

प्लास्टिकची रिकामी बाटली धुवायची, तिच्यावरचे चिकट लेबल नखाने खरवडायचे, झाकण वेगळे करायचे आणि मग डोळे बारीक करून बुडावरचा आकडा वाचायचा, हा उद्योग घराघरांत जी माणसे इमानेइतबारे करतात, त्यांची उघड उघड थट्टा चालली आहे आणि तिचा मला मनस्वी संताप येतो. त्या आकड्याभोवती एकामागे एक धावणारे तीन बाण असतात. ते पाहून कोणाही सरळ माणसाला वाटेल की ही वस्तू वितळून पुन्हा नवी होणार. तसे कोणतेही आश्वासन त्या खुणेत नाही. आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्याच संघटनेने आणली, तेव्हा आकड्याभोवती नेमके बाणच का काढावेसे वाटले असतील, हे कळायला फार बुद्धी लागत नाही. २०१३ मध्ये मानक बदलून बाणांऐवजी भरीव त्रिकोण आला म्हणे, पण बाण अजून सर्रास दिसतातच.

प्रत्यक्षात १ आणि २ या आकड्यांच्या, म्हणजे पेट (पाण्याच्या, शीतपेयांच्या बाटल्यांचे पारदर्शक प्लास्टिक) आणि एचडीपीई (शाम्पूसारख्या बाटल्यांचे जाड प्लास्टिक) यांच्या बाटल्यांनाच पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून बरी मागणी असते. ३ म्हणजे पीव्हीसी, नळांच्या पाइपांचे प्लास्टिक; ते चुकून पेटमध्ये मिसळून वितळले तर त्यातून आम्ल सुटते आणि चांगला मालही नासतो. आणि ७ म्हणजे ‘इतर’! वर्गीकरणाच्या नावाखाली उरलेले सगळे एका खणात कोंबून हात झटकायचे, याला काय म्हणावे?

चकचकीत पुड्यांचे तर बोलायलाच नको. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिन यांचे कागदापेक्षा पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते पुन्हा सुटे करणे परवडत नाही. काळे डबे त्याहून मजेदार. वर्गीकरण करणारी अनेक यंत्रे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखतात; या डब्यांच्या काळ्या रंगातली काजळी ते किरणच शोषून घेते, त्यामुळे त्या यंत्रांना ते ओळखताच येत नाहीत. हे रंग आणि हे थर आपण निवडले होते का?

सलाईनची पिशवी, इंजेक्शनची सिरिंज, विजेच्या तारेवरचे आवरण यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिथे प्लास्टिकने जीव वाचवले आहेत. चीड येते ती काही मिनिटांच्या वापरासाठी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू बनवून तिच्या विल्हेवाटीचा भार ग्राहकाच्या शिस्तीवर टाकणाऱ्या निर्लज्जपणाची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत साचलेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली होती, १२ टक्के जाळला गेला आणि बाकीचा कचराभूमीत किंवा उघड्यावर गेला. एवढी तफावत लोकांनी लेबले नीट न खरवडल्यामुळे पडली, असे कोणाला खरोखर वाटते का?

आता त्यावर उतारा म्हणून हिरवे पान छापलेले ‘विघटनशील’ पेले आले आहेत. त्यांतले पीएलए हे वनस्पतीजन्य प्लास्टिक कुजायला साठेक अंश सेल्सिअस तापमानाचे औद्योगिक कंपोस्ट केंद्र लागते, हे मात्र त्या पानाशेजारी वाचता येईल अशा अक्षरांत छापायला कोणालाही जागा सापडलेली नाही.