मल्टिमीटरचा आकडा हलत नाही म्हणजे कन्व्हर्टर स्थिर, हे खरं नाही

रत्नागिरीतल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: उपग्रहातल्या पॉवर कन्व्हर्टरची (एका व्होल्टेजचं दुसरं ठरावीक व्होल्टेज करणारं सर्किट) स्थिरता, म्हणजे आउटपुट डोलत नाही ना, हे तपासायला आउटपुटला मल्टिमीटर लावा, आकडा हलला नाही की काम झालं. मिरकरवाड्यात ट्रॉलरवरचे कन्व्हर्टर दुरुस्त करणारी पोरंही ते खरं मानू लागली आहेत, म्हणून हा खुलासा.

डीसीवर लावलेला मल्टिमीटर सरासरी दाखवतो. हजारो हर्ट्झचं दोलन त्यात दिसतच नाही. खरी चाचणी वेगळी. फीडबॅकच्या वाटेत (आउटपुट बघून कन्व्हर्टर स्वतःला सुधारतो तो मार्ग) छोटा रेझिस्टर घालायचा, त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरमधून अगदी बारीक सिग्नल सोडायचा आणि फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची. लूपचा गेन, म्हणजे फीडबॅकचा पूर्ण फेरा मारून सिग्नल किती पट होतो ते, जिथे १ होतो, तिथे फेज मार्जिन (दोलन सुरू व्हायला अजून किती अंश बाकी आहेत) किती उरलं ते बघायचं. ४५ अंशांपेक्षा कमी उरलं, तर मी तो बोर्ड पुढे जाऊ देणार नाही.

हे खोलीच्या तापमानाला एकदा करून भागत नाही. थंडीत काही कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, किरणोत्साराने सुट्या भागांचे गुणधर्म बदलतात, आणि वर गेलेल्या उपग्रहाचा बोर्ड कोणी उघडून बघू शकत नाही.

शिवाय इनपुट फिल्टर (कन्व्हर्टरच्या आधी बसणारा, विजेतला गोंगाट गाळणारा भाग) जोडूनच मोजा. २८ व्होल्टला १ अँपिअर घेणारा कन्व्हर्टर २४ व्होल्टला साधारण १.१७ अँपिअर ओढतो. पॉवर तेवढीच लागते, म्हणून व्होल्टेज घटलं की करंट वाढतो! असा भार फिल्टरला डोलायला लावू शकतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.