जुना कागद वाचताना आधी साल पहा

वावराचा वाद निघाला की कोणीतरी पेटीतला पिवळा कागद काढतो. "सोळा आणे मालगुजारी आमच्या आज्याची होती, म्हणून तलाव आमचा." नाही बापा, तसं होत नाही.

मालगुजारी हा गावाच्या मालकीतला हिस्सा, आणि तो आण्यांत मोजायचे. आपण विदर्भातले लोक तेव्हा मध्य प्रदेशात होतो. तिथल्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क सरकारजमा झाले. रान, चराई, तलाव, सगळं त्यात गेलं. मामा तलावांतलं 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी' ते यामुळेच. मालगुजाराकडे उरली ती घरची शेती, म्हणजे १९४८-४९ च्या कागदांत त्याच्या नावे 'सीर' किंवा 'खुदकाश्त' म्हणून लिहिलेली जमीन. कागदात हे दोन शब्द शोधा. नुसतं 'लंबरदार' (हिस्सेदारांतर्फे सारा भरणारा) किंवा 'चार आणे पट्टी' (गावातला चार आण्यांचा हिस्सा) लिहिलं असेल तर त्यावर आज एक आरही मागता येत नाही.

हे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचं. वऱ्हाडात मुख्यतः रयतवारी, तिथला हिशेब वेगळा.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्रात होतो. पूर्व विदर्भाच्या जुन्या कागदात 'आराजी ३.२५' दिसलं तर ते ३ एकर २५ डिसमिल. एका एकराचे १०० डिसमिल, म्हणजे २५ डिसमिल फक्त १० गुंठे. आजच्या मापात १ हेक्टर ३२ आर. कोणी ते '३ एकर २५ गुंठे' वाचलं की १ हेक्टर ४७ आर होतात आणि १५ आरांसाठी धुऱ्यावर काठ्या निघतात. मोजणीवाला चुकला असं म्हणण्याआधी टिंबानंतरचा आकडा कशाचा, ते पहा.

दुसरं, मोबाईलवरचे वकील. कुळाच्या जमिनीला ते 'कलम ४३' सांगतात. ते १९४८ च्या कायद्यातलं. विदर्भाचा कुळ कायदा वेगळा, १९५८ चा, आणि विक्रीवरचं बंधन त्यात कलम ५७ मध्ये आहे. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात तसा शेरा असेल तर परवानगीचं पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. इसार पावतीने तशीही मालकी येत नाही.

बहिणींच्या हिश्शातही सालच पाहायचं. "आमची वाटणी कधीचीच झाली" हे तोंडी सांगून भागत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधीचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर गोष्ट वेगळी. शंभराच्या स्टॅम्पवर सह्या घेऊन नोटरी केलेलं हक्कसोडपत्रही चालत नाही, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. तरी गावोगाव तसल्या कागदावर नावं कमी करायला निघतात, हे मला तर सरळ लबाडीचं काम वाटतं.

सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, म्हणून गाफील राहू नका. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढा आणि मागे १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत जा. नवा फेरफार लागला असेल तर नोटिशीनंतर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मग उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, ६० दिवसांच्या आत.