खाऱ्या हवेने बॅटरी उतरते म्हणे!

मालवण-देवगडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: ‘किनाऱ्याला खाऱ्या हवेने गाडीची बॅटरी उतरते. रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. तरी उतरली तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) गेला, नाही पडली तर नवी बॅटरी घ्या.’

खाऱ्या हवेचा दोष आहे, पण वेगळा. ती टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी गंजवते. मग चार्जिंग धड होत नाही, सेल्फलाही करंट पुरत नाही. बॅटरी ठणठणीत असून नुसतं ‘टक्’ वाजतं. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल साफ करा, कोरडं पुसा, आवळा, वर व्हॅसलीन लावा. बॅटरीवरची ओलसर धूळही पुसा. तिच्यातून थोडा करंट झिरपतो, हे मान्य.

पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेलं जेमतेम भरून निघतं. उतरलेली बॅटरी भरायला तास लागतात.

वायर काढणं मात्र नकोच. व्होल्टेज एकदम उसळतो आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्यापेक्षा बॅटरीला साधा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर) लावा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट आले तर अल्टरनेटर बहुधा ठीक. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी.

आता ‘नवी घ्या’. नवीही चार दिवसांत उतरली तर? आधी करंटची गळती शोधा, म्हणजे बंद गाडीतही बॅटरी कोण खातंय ते. गाडी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवा आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरवर जोडा. दार उघडंच ठेवायचं असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. मग अर्धा तास थांबा, कारण आतले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर चिंता नाही. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला 12 अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची 35ची बॅटरी तीन दिवसांत आडवी. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल तिथे गळती. बहुतेकदा डिकीचा न विझणारा दिवा, नाहीतर बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा डॅशकॅम निघतो. कुठल्याच फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरचा डायोड तपासून घ्या.

चाकरमान्यांसाठी एक: 50 मिलिअँपिअरनेसुद्धा ती 35ची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते. गाडी गावच्या खळ्यात ठेवून मुंबईला जाणार असाल तर इंजिन बंद करून निगेटिव्ह काढून ठेवा.